स्पायडरमधील व्हेरिएबल एक्सप्लोरर

व्हेरिएबल एक्सप्लोरर हे ‘स्पायडर’ या मुक्तस्रोत संगणकप्रणालीचे एक अंग होय. पायथन भाषेतील आज्ञावली चालत असताना संगणकाच्या स्मृतीत जी विदा निर्माण होते, ती या उपकरणाच्या साहाय्याने कोष्टकाच्या रूपात पाहता येते, उघडून तपासता येते आणि काही मर्यादेत बदलताही येते. संख्या, मजकूर, याद्या, कोश, नमपाय या संचाच्या सरण्या, पांडाजच्या डेटाफ्रेम नावाच्या सारण्या, प्रतिमा आणि स्पायडरच्या चौथ्या आवृत्तीपासून पायथनमधील जवळजवळ कोणतीही वस्तू यात उघडते. मराठी शालेय गणितात ‘व्हेरिएबल’ला ‘चल’ हा प्रतिशब्द रूढ असल्याने या उपकरणास ‘चलदर्शक’ म्हणता येईल. या लेखात पुढे ‘दर्शक’ हा शब्द याच अर्थाने वापरला आहे.

दर्शकात दिसते ते वस्तूचे चित्र असते, प्रत्यक्ष वस्तू नसते. चित्र आणि वस्तू यांत अंतर पडते ते केव्हा व कोणत्या कारणाने, हे ठाऊक नसेल तर पाहणाऱ्याचा आकडेवारीविषयी चुकीचा ग्रह होण्याचा संभव असतो. गेल्या काही वर्षांत या उपकरणात ज्या सुधारणा झाल्या, त्यांपैकी महत्त्वाच्या बहुतेक सुधारणांचा रोख हे अंतर कमी करण्याकडे आहे.

पार्श्वभूमी

स्पायडर हे नाव ‘सायंटिफिक पायथन डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनले आहे. पिएर रेबो या फ्रेंच वैज्ञानिकाने ही प्रणाली सुरू केली. आरंभी तिचे नाव ‘पायडी’ असे होते. २००९ मध्ये ती स्पायडर या नावाने पुढे आली. २०१२ पासून तिची देखभाल विकासकांचा एक समूह करतो. कार्लोस कोर्दोबा हे या समूहाचे प्रमुख म्हणून ओळखले जातात. प्रणाली एमआयटी परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध असून विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. तिचा दृश्य भाग क्यूटी या संचावर उभारलेला आहे.

स्पायडरचा मुख्य वाचकवर्ग म्हणजे व्यावसायिक प्रणालीकार नव्हे. प्रयोगशाळेत मोजमापे घेणारे संशोधक, अभियंते, संख्याशास्त्राचे विद्यार्थी आणि अध्यापक यांच्यासाठी ही प्रणाली रचलेली आहे. या मंडळींपैकी अनेकांना मॅटलॅब या व्यापारी प्रणालीतील ‘वर्कस्पेस’ फलकाची सवय होती. आर भाषेच्या आरस्टुडिओ या प्रणालीतही याच धर्तीचा फलक आहे. आज्ञावलीचा एकेक भाग चालवावा, मग डोळ्यांनी आकडे पाहावेत, मग पुढचा भाग लिहावा, अशी त्यांच्या कामाची रीत असते. त्यामुळे दर्शक हा स्पायडरचा आरंभापासूनचा भाग राहिला, आणि अनेक वापरकर्ते स्पायडर निवडतात तेही याच फलकासाठी, असे म्हणण्यास हरकत नाही.

अ‍ॅनाकोंडा ही कंपनी आपल्या वैज्ञानिक पायथन संचासोबत स्पायडर वितरित करते. काही काळ स्पायडरच्या विकासाचा आर्थिक भारही याच कंपनीने उचलला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो आधार थांबला. त्यानंतर क्वानसाइट ही कंपनी, नमफोकस ही संस्था आणि वापरकर्त्यांच्या देणग्या यांच्या बळावर काम चालू राहिले. चौथी आवृत्ती डिसेंबर २०१९ मध्ये, पाचवी एप्रिल २०२१ मध्ये आणि सहावी सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

नाव आणि वस्तू

दर्शकाचे कार्य समजण्यासाठी पायथनमधील चलाची कल्पना स्पष्ट असणे आवश्यक आहे. प्रास्ताविक पुस्तकांत पुष्कळदा ‘चल म्हणजे डबा, त्यात किंमत ठेवायची’ असे सांगितलेले असते. पायथनच्या बाबतीत हा दृष्टान्त दिशाभूल करतो. पायथनमध्ये वस्तू स्मृतीत स्वतंत्रपणे असते आणि चल म्हणजे तिला बांधलेली नावाची चिठ्ठी. एकाच मुलाला घरी बंडू म्हणतात आणि शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव वेगळे असते, तसे एकाच वस्तूला दोन, तीन किंवा अधिक नावे असू शकतात. बंडूने केस कापले की हजेरीपटावरच्या मुलाचेही केस कापले जातात.

समजा, ‘गुण’ या नावाने ७२, ६५ आणि ८० अशा तीन संख्यांची यादी तयार केली आणि पुढे ‘प्रत’ हे नाव ‘गुण’च्या बरोबर आहे असे लिहिले. येथे यादीची दुसरी प्रत निघत नाही. त्याच यादीला दुसरे नाव मिळते. ‘प्रत’मधील पहिली संख्या आज्ञेने बदलली की ‘गुण’मधील पहिली संख्याही बदललेली दिसते. नवशिक्यांच्या आज्ञावल्यांतील अनेक चुका या एका गोष्टीतून उद्भवतात.

दर्शकाच्या कोष्टकात मात्र ‘गुण’ आणि ‘प्रत’ या दोन स्वतंत्र ओळी दिसतात. दोन्ही ओळींत प्रकार, आकार व किंमत सारखीच असते. परंतु त्या दोन सारख्या वस्तू आहेत की एकच वस्तू दोनदा दिसते आहे, हे कोष्टकावरून कळत नाही. हे कोष्टक नावांचे आहे, वस्तूंचे नाही. वस्तूंचे परस्परसंबंध बाणांनी दाखवणारे चित्र हवे असल्यास ‘पायथन ट्यूटर’ हे साधन वापरावे लागते. फिलिप गुओ यांनी ते २०१० मध्ये सुरू केले. त्यात एका वस्तूकडे दोन नावांचे दोन बाण जाताना स्पष्ट दिसतात. तथापि ते शिकण्याच्या छोट्या उदाहरणांसाठी आहे. लाखभर ओळींची सारणी बाणांनी दाखवणे शक्य नसते आणि तिथे कोष्टकच उपयोगी पडते.

रचना

स्पायडरचा दर्शक आणि वापरकर्त्याची आज्ञावली या एकाच प्रक्रियेत चालत नाहीत. आज्ञावली ‘कर्नल’ नावाच्या वेगळ्या प्रक्रियेत चालते आणि स्पायडरची खिडकी तिच्याशी संदेशांद्वारे बोलते. आज्ञावली कोसळली तरी संपादकातील मजकूर सुरक्षित राहतो, हा या विभागणीचा लाभ. दर्शकाच्या दृष्टीने तिचा परिणाम मात्र दूरगामी आहे.

मुख्य कोष्टक तयार करताना कर्नल प्रत्येक नावाविषयी केवळ सारांश पाठवतो: नाव, प्रकार, आकार आणि किमतीचा थोडा अंश. डेटाफ्रेम असेल तर किमतीच्या रकान्यात स्तंभांची नावे येतात. वापरकर्त्याने एखाद्या ओळीवर दोनदा टिचकी दिली म्हणजे ती संपूर्ण वस्तू कर्नलमध्ये गुंडाळली जाते, संदेशातून पलीकडे जाते आणि तेथे उलगडून नव्या खिडकीत मांडली जाते. अर्थात खिडकीत उघडते ती वस्तूची प्रतिकृती होय, आणि तीही टिचकी दिली त्या क्षणाची. वस्तू फार मोठी असल्यास या प्रतिकृतीसाठी वेळ लागतो व स्मृतीही दुसऱ्यांदा खर्च होते.

संपादनाचेही असेच आहे. खिडकीत एखादी संख्या बदलली तरी ‘सेव्ह अँड क्लोज’ ही कळ दाबेपर्यंत कर्नलमध्ये काहीच घडत नाही. कळ दाबल्यावर बदललेली प्रतिकृती परत पाठवली जाते आणि त्या नावाला ती नवी वस्तू बांधली जाते. वरच्या उदाहरणात ‘प्रत’ दर्शकातून उघडून पहिली संख्या बदलली, तर ‘प्रत’ हे नाव नव्या यादीकडे जाते आणि ‘गुण’ जुन्या यादीपाशीच राहते. तीच गोष्ट आज्ञेने केली असती तर दोन्ही बदलले असते. एकाच कृतीचे दोन मार्ग आणि दोन निरनिराळी फळे, हा भेद ज्यास ठाऊक नाही त्याला पुढील निकाल अनाकलनीय वाटतात.

चौथ्या आवृत्तीतील भर

डिसेंबर २०१९ च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत दर्शकाला ठरावीक प्रकारच्या वस्तूच नीट उघडता येत. वापरकर्त्याने स्वतः रचलेल्या वर्गाची वस्तू, एखादे संख्याशास्त्रीय प्रतिमान किंवा आलेखाची आकृती यांच्यापुढे तो निरुपाय ठरे. चौथ्या आवृत्तीत ‘ऑब्जेक्ट एक्सप्लोरर’ हा नवा दर्शक आला आणि ही उणीव दूर झाली. पेपेन केन्टर यांनी ‘ऑब्जब्राउझर’ नावाचे एक स्वतंत्र साधन मुक्तस्रोत परवान्याखाली लिहिले होते. स्पायडरच्या विकासकांनी ते आधारास घेऊन आपल्या प्रणालीत बसवले. मुक्तस्रोत जगात एकाने बांधलेली भिंत दुसऱ्याच्या घराला उपयोगी पडते, त्याचा हा चांगला नमुना आहे.

ऑब्जेक्ट एक्सप्लोररमध्ये वस्तूचे गुणधर्म झाडाच्या फांद्यांसारखे उलगडत जातात. प्रत्येक गुणधर्माखाली त्याचे स्वतःचे गुणधर्म असतात, त्यांच्याखाली आणखी. कोणता गुणधर्म आवाहनयोग्य आहे, म्हणजे कार्यासारखा चालवता येतो, हे वेगळ्या रकान्यात कळते. पायथनच्या आंतरिक कामासाठी असलेले, नावाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन अधोरेखा असणारे विशेष गुणधर्म एका कळीने लपवता येतात. ते लपवणेच बरे. अन्यथा साध्या पूर्णांकाच्या वस्तूखालीही डझनांनी ओळी निघतात आणि हवे ते सापडत नाही. खिडकीच्या खालच्या भागात निवडलेल्या गुणधर्माचे दस्तऐवजीकरण, त्याची ओळख-संख्या व उपलब्ध असल्यास मूळ आज्ञा वाचता येतात.

ओळख-संख्येचा रकाना दोन नावांच्या प्रश्नावर उत्तर देईल असे वाटणे साहजिक आहे. परंतु खिडकीत प्रतिकृती असल्याने तिची ओळख-संख्या मूळ वस्तूची असेलच असे नाही. ‘गुण’ आणि ‘प्रत’ एकच आहेत का, हे पाहण्याचा खात्रीचा मार्ग कन्सोलमध्ये ‘इज’ या शब्दाने तुलना करणे हाच आहे.

याच आवृत्तीत अनेक पातळ्यांची शीर्षके असणाऱ्या डेटाफ्रेम योग्य रीतीने दिसू लागल्या, संच या प्रकाराला पूर्ण आधार मिळाला, निरनिराळ्या वस्तूंनी भरलेल्या नमपाय सरण्या उघडू लागल्या, नावांच्या यादीत शोध घेण्याची सोय झाली, आणि दीर्घ काळ चालणारी आज्ञावली संपण्याची वाट न पाहता मधेच कोष्टक ताजे करणे शक्य झाले.

पाचवी आणि सहावी आवृत्ती

पाचव्या आवृत्तीचा मुख्य भर अंतर्गत रचनेच्या फेरउभारणीवर होता व तो वापरकर्त्याला फारसा दिसत नाही. त्या मालिकेच्या काळात डेटाफ्रेमच्या दर्शकात ओळ किंवा स्तंभ नव्याने घालणे, काढणे व त्याची नक्कल करणे या सोयी आल्या.

सहाव्या आवृत्तीतील भर वरकरणी किरकोळ वाटते, पण या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे. उघडलेल्या प्रत्येक दर्शकाच्या पट्टीवर ‘ताजे करा’ या अर्थाची कळ आली. पूर्वी एखादी सारणी खिडकीत उघडून ठेवली आणि दरम्यान कन्सोलमध्ये आज्ञा देऊन ती सारणी बदलली, तर खिडकीत जुनेच आकडे राहत. त्या आकड्यांवर ते जुने झाल्याची कोणतीही खूण नसे. वापरकर्ता शिळे चित्र ताजे समजून वाचत राही. खिडकी बंद करून पुन्हा उघडणे हाच उपाय होता, आणि तो करावयाचे सुचण्यासाठी मुळात शंका यावी लागे.

आता ती कळ दाबली म्हणजे कर्नलकडून वस्तूची नवी प्रतिकृती येते. खिडकीत केलेले पण न साठवलेले बदल असतील, तर ते पुसले जातील अशी सूचना देऊन प्रणाली संमती विचारते. त्या नावाची वस्तू दरम्यान नाहीशी झाली असेल तर तसे सांगते. कळ मात्र माणसानेच दाबावी लागते. खिडकी आपोआप ताजी होत नाही. मोठी वस्तू प्रत्येक आज्ञेनंतर पुन्हा वाहून आणणे परवडणारे नसल्याने ही तडजोड समजण्यासारखी आहे.

सहाव्या आवृत्तीत दोषशोधनासाठी वेगळा फलक देण्यात आला. आज्ञावली मधेच थांबवून कोणते कार्य कोणत्या कार्यातून बोलावले गेले, याची उतरंड त्यात दिसते. दोषशोधन चालू असताना दर्शक हा त्या त्या पायरीवरील चलांची नावे दाखवतो, त्यामुळे कार्याच्या पोटातील तात्पुरती नावेही पाहता येतात. याशिवाय दर्शकातून काढलेले आलेख आता स्वतंत्र खिडकीऐवजी आलेखांच्या फलकात साठतात.

आकडा आणि त्याचे रूप

दर्शकातील चित्र शिळे असणे हा एक धोका. चित्र ताजे असूनही अपुरे असणे हा दुसरा. सरण्या आणि डेटाफ्रेम यांच्या दर्शकात अपूर्णांक मूलतः सहा सार्थ अंकांत दाखवले जातात. ०.१ आणि ०.२ यांची पायथनमधील बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, कारण संगणक हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो व त्यात अतिसूक्ष्म त्रुटी राहते. सारणीत ही बेरीज ०.३ अशीच दिसते. शेजारच्या स्तंभातील खऱ्या ०.३ शी तिची तुलना केल्यास ‘असमान’ असे उत्तर मिळते, आणि पाहणारा दोन सारखे आकडे समोर ठेवून बुचकळ्यात पडतो.

मोठ्या रकमांत हे अधिक जाणवते. १२,३४,५६७.८९ रुपये ही रक्कम अपूर्णांकाच्या स्तंभात असेल, तर ती १.२३४५७ गुणिले दहाचा सहावा घात या अर्थाच्या संक्षिप्त रूपात दिसते. पैसे तर जातातच, एककाचा अंकही दिसेनासा होतो. स्मृतीतील रक्कम पूर्ण असते. केवळ तिचे दर्शन तोकडे असते. खिडकीतील ‘फॉरमॅट’ या कळीने दशांशानंतर दोन स्थळे दाखवण्याची सूचना दिली की रक्कम पूर्ण दिसू लागते. हिशेबाच्या विदेवर काम करणाऱ्याने ही सूचना आरंभीच द्यावी हे उत्तम.

येथे एक गोष्ट दर्शकाच्या बाजूने नोंदली पाहिजे. तो दाखवण्याचे रूप बदलतो, परंतु पाहिल्यामुळे विदा बदलत नाही. सर्वच साधनांविषयी असे म्हणता येत नाही. एक्सेल या सुपरिचित प्रणालीत ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट२’ अशा अर्थाची जनुकांची संक्षिप्त नावे टंकली किंवा फाईलमधून उघडली की त्यांचे तारखांत रूपांतर होई, आणि फाईल साठवली की मूळ नाव नष्ट होई. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरणाची जबाबदारी असलेल्या समितीने ही नावेच बदलल्याचे जाहीर केले. ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्ट२’चे ‘सेप्टिन२’ झाले. साधनाच्या सोयीसाठी शास्त्राला आपले शब्द बदलावे लागले.

रंगांची भाषा

डेटाफ्रेम आणि सरण्या यांच्या दर्शकात संख्यांच्या पार्श्वभूमीला रंग असतो. संख्या लहान-मोठी असेल त्याप्रमाणे रंगाची छटा बदलते. ही तुलना संपूर्ण सारणीभर करावी की प्रत्येक स्तंभापुरती, हे वापरकर्ता ठरवतो. एका स्तंभात वय आणि दुसऱ्यात पगार असेल, तर स्तंभापुरती तुलनाच अर्थपूर्ण ठरते. सारणीभर तुलना केल्यास वयाचा सारा स्तंभ एकाच छटेत बुडून जातो. सारणी फार मोठी असल्यास रंग बंद ठेवले जातात आणि आरंभी फक्त ५०० ओळी आणल्या जातात. पाहणारा खाली सरकत जाईल तशा पुढच्या येतात. खिडकी उघडताच दिसणारा शेवट हा सारणीचा शेवट नसतो, हे लक्षात ठेवावे.

रंगांचा सर्वांत उपयुक्त संकेत त्यांच्या अभावात असतो. ज्या स्तंभाला पायथन संख्या न मानता मजकूर मानते, त्यास करडी, एकसारखी पार्श्वभूमी मिळते. आकड्यांनी भरलेला स्तंभ असा करडा दिसला म्हणजे विदा वाचताना काहीतरी चुकले आहे, असे निःशंकपणे समजावे. एखाद्या ओळीत आकड्याऐवजी ‘गैरहजर’ असा शब्द असला किंवा आकड्यांत स्वल्पविराम राहिले असले, तर संपूर्ण स्तंभ मजकूर बनतो. मराठी विदेच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. आकडे देवनागरी अंकांत लिहिलेले असतील तर पांडाज ते मजकूर म्हणूनच वाचते. पायथनचे पूर्णांकात रूपांतर करणारे मूळ कार्य मात्र देवनागरी अंक ओळखते. ‘४५’ हा मजकूर त्यास दिला तर पंचेचाळीस ही संख्या मिळते. त्यामुळे उपाय अवघड नाही. अडचण आधी दिसली पाहिजे, आणि करडा स्तंभ ती दाखवतो.

उलट दिशेची चूक रंगांवरून कळत नाही. ‘००४५’ हा हजेरीक्रमांक फाईलमधून वाचताना पांडाज त्याची संख्या करते आणि पुढची शून्ये गळून ४५ उरते. त्याच स्तंभात एक जागा रिकामी असली तर सारा स्तंभ अपूर्णांकांचा होतो. शून्ये एकदा गेली की दर्शकात ती परत आणता येत नाहीत; फाईल वाचतानाच तो स्तंभ मजकूर म्हणून वाचण्याची सूचना द्यावी लागते.

देवनागरी नावे

डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात. ‘गुण’, ‘सरासरी’, ‘विद्यार्थी’ ही नावे वैध असून मात्रा व जोडाक्षरे यांची अडचण येत नाही. मात्र काही कळफलकांतून अक्षरांच्या दरम्यान डोळ्यांना न दिसणारी शून्य-रुंदीची जोडखूण येते. ती नावात असल्यास पायथन चूक दाखवते. दर्शकाच्या कोष्टकात देवनागरी नावे इतर नावांसारखीच येतात. केवळ मोठ्या लिपीतील अक्षरांची किंवा मोठ्या अक्षराने सुरू होणारी नावे लपवण्याचे जे पर्याय दर्शकात आहेत, त्यांचा देवनागरी नावांवर परिणाम होत नाही, कारण देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही.

‘आकार’ हा रकाना मराठी वाचकाला प्रथम चकित करतो. अलीकडच्या आवृत्त्यांत ‘विद्यार्थी’ या मजकुरासमोर १० हा आकडा दिसतो. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने या शब्दात तीन अक्षरे आहेत. पायथन मात्र व, ऱ्हस्व इकाराची वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ आणि दीर्घ ईकाराची वेलांटी असे दहा संकेतबिंदू मोजते. मराठी नावांच्या स्तंभावर अक्षरमर्यादा घालताना हा हिशेब ध्यानात न घेतल्यास नाव भलत्याच ठिकाणी तुटते.

मर्यादा आणि दक्षता

दर्शकातून केलेल्या बदलाची नोंद आज्ञावलीत कोठेही होत नाही. सारणीतील एक चुकीचा आकडा खिडकीत दुरुस्त केला, पुढील विश्लेषण केले आणि निष्कर्ष लिहिला, तर तीच आज्ञावली दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवल्यावर जुनाच आकडा येतो आणि निष्कर्ष जुळत नाही. दुसऱ्या संशोधकाला तर तो कधीच जुळणार नाही. संपादनाच्या सोयी जसजशा वाढल्या तसा हा मोहही वाढला आहे. दर्शक पाहण्यासाठी वापरावा आणि दुरुस्ती आज्ञेने करावी, हा संकेत अनुभवी मंडळी पाळतात. शिकवणाऱ्यांनीही तो पहिल्याच पाठात सांगावा असा आहे.

दर्शकातील सर्व नावे एकत्र साठवून ‘स्पायडेटा’ प्रकारच्या फाईलमध्ये ठेवता येतात व नंतर पुन्हा आणता येतात. या फाईलच्या पोटात ‘पिकल’ या पद्धतीने गुंडाळलेली विदा असते. पिकल उलगडताना त्यात दडवलेली आज्ञा चालू शकते, म्हणून अनोळखी व्यक्तीकडून आलेली अशी फाईल उघडू नये. विदेची देवाणघेवाण करण्यासाठी साधी सीएसव्ही फाईल पुरेशी असते आणि तीत असा धोका नसतो.

मुळात दर्शक सर्वच नावे दाखवत नाही. अधोरेखेने सुरू होणारी खासगी नावे, कार्ये, आयात केलेले विभाग आणि आधार नसलेले प्रकार वगळण्याचे पर्याय त्यात आहेत व त्यांतील काही आरंभापासूनच चालू असतात. एखादे नाव कोष्टकात नाही म्हणजे ते स्मृतीतही नाही, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे पर्याय पाहावेत.

अन्य साधने

ज्युपिटरलॅबमध्ये जोडणीच्या रूपाने चलदर्शक बसवता येतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोड आणि पायचार्म या संपादकांतही सारण्या पाहण्याची सोय आहे. वस्तूंमधील संदर्भांचे जाळे आकृतीने दाखवणारे ‘ऑब्जग्राफ’ हे साधन मुख्यतः स्मृती कोठे अडकून पडली आहे हे शोधण्यासाठी वापरतात. पायथन शिकू इच्छिणाऱ्या मराठी भाषकांसाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठी निवेदन असलेले ध्वनिचित्रपाठ विनामूल्य उपलब्ध आहेत.